स्टार वॉर्स पहिल्यांदाच बघताय? सुरुवात चौथ्या भागापासून करा

स्टार वॉर्स बघायचं ठरवलं की पहिला गोंधळ आकड्यांचा होतो. एपिसोड १ ते ९ असे नऊ मुख्य चित्रपट, क्रमांक नसलेले 'रोग वन' आणि 'सोलो', आणि त्यांच्याभोवती मालिकांचा भलामोठा पसारा. त्यात सगळ्यात आधी, म्हणजे १९७७ साली आलेल्या चित्रपटाचा क्रमांक आहे ४. अॅपमधली यादी उघडली की एपिसोड १ समोर येतो, बोट आपसूक त्यावर पडतं, आणि या कथेतला सगळ्यात मोठा धक्का बसायच्या आधीच वाया जातो. तो धक्का आयुष्यात एकदाच बसतो. म्हणून या लेखातला बराचसा खटाटोप तो जपण्यासाठी आहे. कथेतलं कुठलंही रहस्य इथे फोडलेलं नाही, निर्धास्त वाचा.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- चित्रपट अधिकृतपणे दाखवणारी सेवा किंवा डिस्क
- शक्य तेवढा मोठा पडदा. मोबाइल अगदीच नाइलाज असेल तर
- बरे स्पीकर किंवा हेडफोन
- अंधार करता येईल अशी खोली
- पहिल्या तीन चित्रपटांसाठी एकूण साडेसहा तास, एक-दोन आठवड्यांत विभागून

कथेची पूर्वतयारी लागत नाही. माहितीचे व्हिडिओ, पात्रांची ओळख, ग्रहांचे नकाशे यांतलं काहीही आधी बघू नका.

१. क्रम ठरवा आणि कागदावर लिहा

बघण्याचा क्रम असा ठेवा:

- एपिसोड ४, अ न्यू होप (१९७७)
- एपिसोड ५, द एम्पायर स्ट्राइक्स बॅक (१९८०)
- एपिसोड ६, रिटर्न ऑफ द जेडाय (१९८३)
- एपिसोड १, द फँटम मेनेस (१९९९)
- एपिसोड २, अटॅक ऑफ द क्लोन्स (२००२)
- एपिसोड ३, रिव्हेंज ऑफ द सिथ (२००५)
- रोग वन (२०१६)
- एपिसोड ७, द फोर्स अवेकन्स (२०१५)
- एपिसोड ८, द लास्ट जेडाय (२०१७)
- एपिसोड ९, द राइज ऑफ स्कायवॉकर (२०१९)
- सोलो (२०१८), पहिले तीन झाल्यावर कधीही

'रोग वन'ची जागा सोडली तर मुख्य चित्रपटांचा हा प्रदर्शनाचाच क्रम आहे. आकडे उलटेपालटे का, हे एकदा समजलं की घोळ राहत नाही. १९७७ मध्ये हा चित्रपट नुसता 'स्टार वॉर्स' या नावाने लागला होता. सुरुवातीला वर सरकणाऱ्या मजकुरावर 'एपिसोड ४' आणि 'अ न्यू होप' हे शब्द आले ते १९८१ च्या पुनर्प्रदर्शनात. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांना मागचं काहीच ठाऊक नव्हतं, आणि चित्रपट लिहिलाय तो अशाच प्रेक्षकासाठी. जेडाय म्हणजे कोण, फोर्स म्हणजे काय, साम्राज्य कुणाचं, हे सगळं त्यात एका अजाण तरुणाला समजावून सांगितलं जातं. तो ऐकतो तेव्हाच तुम्हीही ऐकता. एपिसोड १ मात्र तुम्हाला हे ठाऊक आहे असं धरूनच चालतो.

यावर नेहमी येणारा युक्तिवाद असा: "कथा घडली त्या क्रमाने बघितली तर जास्त नीट कळेल ना?" घटना कळतील, पण रहस्य उरणार नाही. एपिसोड ३ मध्ये जे उघडपणे घडतं, त्यावर ५ आणि ६ मधले दोन मोठे उलगडे उभे आहेत. ३ आधी बघितला तर ते दोन्ही प्रसंग नुसती उजळणी होऊन बसतात. उलट बाजूने नुकसान काहीच नाही. ४, ५, ६ नंतर १, २, ३ बघताना शेवट कुठे जाणार हे माहीत असतं, आणि तो तिथवर कसा पोहोचतो हे बघण्यातच त्या तीन चित्रपटांची सगळी धार आहे.

२. टीव्हीची सेटिंग तपासा

हे दहा मिनिटांचं काम आहे, पण त्याने फार मोठा फरक पडतो.

सगळ्यात आधी मोशन स्मूदिंग बंद करा. एलजीच्या टीव्हीवर ते ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस या नावाने सापडतं. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सने चित्रित झालेत. हे सेटिंग मधल्या फ्रेम्स स्वतः बनवून घालतं. जुन्या तीन चित्रपटांतली अवकाशयानं म्हणजे हाताने बनवलेली मॉडेल्स आहेत. त्यांच्यासाठी स्टार वॉर्सचे जनक जॉर्ज ल्यूकस यांनी १९७५ मध्ये इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक ही संस्था उभी केली आणि तिथे कॅमेऱ्याची हालचाल यंत्राने जशीच्या तशी पुन्हा करता येईल अशी व्यवस्था तयार झाली. मॉडेल जागेवर, हलतो तो कॅमेरा. ही यानं २४ फ्रेम्सवर अजस्र वाटतात. स्मूदिंग चालू असलं की खेळणी. चित्राचा मोड 'सिनेमा' किंवा 'फिल्ममेकर' ठेवा.

पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसणारच. चित्र रुंद आहे, त्यामुळे नेहमीच्या टीव्हीची जवळपास पाव उंची मोकळी राहते. झूम करून पट्ट्या घालवल्या तर दोन्ही बाजूंचं चित्र कापलं जातं, आणि या चित्रपटांत माणसं बरेचदा चौकटीच्या दोन टोकांना उभी असतात.

आवाजाकडेही तेवढंच लक्ष द्या. ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी लाइटसेबरचा, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीचा, घुमणारा आवाज फिल्म प्रोजेक्टरच्या मोटरचा आणि टीव्हीच्या जवळ धरलेल्या मायक्रोफोनमधल्या खरखरीचा मेळ घालून केला. काळ्या मुखवट्यातल्या खलनायकाचा, डार्थ व्हेडरचा, श्वास पाणबुड्याच्या श्वसनयंत्रातून घेतला. टीव्हीच्या पाठीमागच्या बारीक स्पीकरमधून यातला खालचा घनगंभीर भाग ऐकूच येत नाही. साधे हेडफोन लावले तरी तो परत येतो.

३. सबटायटलची एक चाचणी घ्या

मूळ इंग्रजी आवाज आणि सोबत समजणाऱ्या भाषेतली सबटायटल ही जोडी उत्तम. व्हेडरच्या पोशाखात डेव्हिड प्राउझ आहेत आणि आवाज जेम्स अर्ल जोन्स यांचा. त्या आवाजाशिवाय हे पात्र अर्धंच राहतं. डबिंगच हवं असेल तर पहिले तिन्ही चित्रपट डबिंगमध्येच बघा. मध्येच आवाज बदलला की पात्रं परकी वाटू लागतात.

अडचण येते ती वेगळ्याच ठिकाणी. काही परग्रहवासी स्वतःच्या भाषेत बोलतात आणि त्यांच्या वाक्यांचं भाषांतर पडद्यावर येणं अपेक्षित असतं. काही प्लेअरमध्ये सबटायटल पूर्ण बंद केली की हे भाषांतरही गायब होतं. पहिल्या चित्रपटात साधारण पाऊण तास उलटल्यावर एका कळकट मद्यालयात हिरव्या कातडीचा ग्रीडो टेबलाशी बसून बोलतो. त्याचं बोलणं सुरू असताना खाली काहीच उमटत नसेल तर सेटिंग चुकलंय. थांबवा आणि दुरुस्त करा.

आर-टू-डी-टू या यंत्रमानवाच्या शिट्ट्या आणि केसाळ चुबाकाच्या गुरगुरण्याला मात्र भाषांतर नाहीच. समोरच्याच्या उत्तरावरून अर्थ लावायचा असतो, आणि तो लागतो.

४. कुठली आवृत्ती समोर आहे ते ओळखा

जुने तीन चित्रपट १९९७ मध्ये नवी दृश्यं आणि संगणकीय चित्रं घालून पुन्हा प्रदर्शित झाले. २००४ च्या डीव्हीडीत, २०११ च्या ब्लू-रेमध्ये आणि त्यानंतरही फेरफार होत राहिले. स्ट्रीमिंगवर हीच बदललेली आवृत्ती असते. मूळ रूप २००६ च्या डीव्हीडी संचात जादा डिस्क म्हणून आलं होतं, पण त्याची चित्रगुणवत्ता फारच बेताची आहे. पहिल्यांदा बघताना आवृत्तीचा शोध घेत बसू नका. समोर आहे ती बघा, फक्त तीन जागा लक्षात ठेवा.

पहिल्या चित्रपटात वाळवंटी गावात शिरताना चौकटीत अचानक गुळगुळीत प्राणी फिरू लागतात; ते १९९७ चे. त्याच गावात थोड्या वेळाने जाबा नावाच्या गुंडाशी तस्कर हान सोलोची बोलणी होतात आणि ग्रीडोशी झालेलाच विषय पुन्हा ऐकल्यासारखा वाटतो, कारण हा प्रसंग मूळ चित्रपटात नव्हता. तिसरी जागा एपिसोड ६ च्या अगदी शेवटी: एक अनोळखी तरुण चेहरा दिसतो. आपलं काही बघायचं राहिलं का, अशी शंका येईल. राहिलेलं नाही. तो चेहरा २००४ मध्ये घातला गेला आणि एपिसोड २ व ३ बघितल्यावर त्याचा उलगडा होईल. आजच्या आवृत्तीत वरचा क्रम ठेचकाळतो तो एवढ्या एकाच ठिकाणी.

५. रहस्य जपा

एपिसोड ६ संपेपर्यंत काही पथ्यं पाळा.

शोधयंत्रात कुठल्याही पात्राचं नाव टाकू नका. नाव पूर्ण व्हायच्या आत सुचवण्यांमध्येच नातीगोती उघडी पडतात. चाहत्यांचे विश्वकोश तर पहिल्याच ओळीत सगळं सांगून मोकळे होतात. अभिनेत्याचं नाव आठवत नसेल तर शेवटच्या नामावलीत बघा.

अॅपमधलं ऑटोप्ले बंद करा. चित्रपट संपताच पुढचा म्हणून जे सुरू होईल, ते तुमच्या क्रमातलं असेलच असं नाही. एपिसोडच्या वर्णनाच्या दोन ओळीही वाचू नका. नामावलीनंतर आणखी दृश्य असेल म्हणून थांबायची गरज नाही. या चित्रपटांत ते नसतं. पण जॉन विल्यम्स यांचं संगीत पूर्ण ऐकायला मिळतं, म्हणून थांबलात तर उत्तमच.

सोबत बघायला बसणाऱ्याने आधी बघितलेलं असेल तर त्याला अगोदरच बजावून ठेवा: "आता बघ हं" एवढंही म्हणायचं नाही. तीन शब्दांनी माणूस सावध होतो आणि प्रसंगाची ताकद निघून जाते.

६. अ न्यू होप बघताना

वर सरकणारा पिवळा मजकूर सावकाश वाचा. त्यात दोन बाजू आणि चोरलेले आराखडे एवढंच आहे, पण पुढचा सगळा चित्रपट त्या आराखड्यांमागे धावतो. मजकूर संपताच एक छोटं यान डोक्यावरून जातं आणि त्याच्या पाठीमागून दुसरं यायला लागतं. ते येतच राहतं, चौकट भरते, तरी त्याचं शेपूट दिसत नाही. कोण बलाढ्य आणि कोण जीव घेऊन पळतंय, हे एकही संवाद न होता कळतं. मोबाइल बाजूला ठेवून बघायची ही जागा.

नंतरची पंधरा-एक मिनिटं बरेच जण चुळबुळतात: नायक कुठे आहे? कथा दोन यंत्रमानवांच्या नजरेतून सुरू होते. लढाईतल्या सगळ्यात क्षुद्र जिवांच्या मागे जाऊन मोठी गोष्ट सांगायची ही रीत जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५८ च्या 'द हिडन फोर्ट्रेस'वरून ल्यूकस यांनी घेतली. तेवढा वेळ धीर धरा. एक प्रसंग पुसत दुसरा आत सरकतो तेही मुद्दामच केलेलं आहे, प्लेअर बिघडलेला नाही.

संवादात क्लोन युद्धांचा ओझरता उल्लेख येतो. ही युद्धं पुढे सविस्तर दिसतील. आत्ता ती काय होती हे शोधायला जाऊ नका. पथ्य क्रमांक एक इथेच मोडतं.

७. ५ आणि ६ मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका

'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या संपूर्ण मालिकेतला सर्वोत्तम चित्रपट आहे, यावर चाहत्यांचं जेवढं एकमत आहे तेवढं दुसऱ्या कशावरच नाही. दिग्दर्शक इर्विन कर्शनर यांनी वेग कमी केला, चेहऱ्यांजवळ गेले, प्रकाश अंधारा केला. म्हणून हा रात्रीच बघा, दिवे मालवून. उत्तरार्धातले निळे-नारिंगी प्रसंग उजेडाच्या खोलीत नुसते राखाडी दिसतात. मध्ये विश्रांती घ्यायचीच असेल तर पहिल्या तासाभरात घ्या. शेवटचा अर्धा तास तोडू नका.

हा चित्रपट बरेच धागे मोकळे सोडून संपतो. तेव्हाच्या प्रेक्षकांना तीन वर्षं थांबावं लागलं. तुम्ही एक-दोन दिवस थांबा, उलगडलेल्या गोष्टीवर विचार करा, मग 'रिटर्न ऑफ द जेडाय' लावा. दोन्ही एकाच बैठकीत संपवले तर पाचव्याचा परिणाम मुरायला वेळच मिळत नाही, आणि महिनाभर लांबवलं तर सहाव्याच्या पहिल्या भागात कोण कुणाला का सोडवतंय हे आठवत बसावं लागतं.

८. मग १, २, ३

इथे आठवडाभर खंड घ्या. मधे १६ वर्षांचं अंतर आहे, आणि ते प्रत्येक चौकटीत दिसतं. बऱ्याच मॉडेल्सची जागा संगणकाने घेतलीय, संवाद जड आहेत, राजकारण भरपूर आहे. 'द फँटम मेनेस'चा आरंभीचा मजकूर व्यापारी मार्गांवरच्या करांबद्दल आहे. तो घाईत सोडला की पुढचा अर्धा तास कोण कुणाशी का भांडतंय ते लागत नाही. तीन नावं पकडून ठेवा: रिपब्लिक, ट्रेड फेडरेशन आणि नाबू ग्रह.

या चित्रपटावर टीका खूप झाली. तरी पॉडरेसच्या प्रसंगासाठी आवाज वाढवा. बहुतेक वेळ तिथे संगीतच नाही, प्रत्येक इंजिनाचा वेगळा सूर आहे. आणि शेवटच्या द्वंद्वातला कोरस कान देऊन ऐका. ते शब्द संस्कृत आहेत, एका जुन्या वेल्श काव्यातल्या ओळींवरून बेतलेले.

'अटॅक ऑफ द क्लोन्स' डिजिटल कॅमेऱ्यावर १०८० रिझोल्यूशनमध्ये चित्रित झाला. त्यामुळे ४के आवृत्तीतही तो किंचित मऊ दिसतो. इंटरनेटचा वेग तपासत बसू नका. हाच तिघांतला सगळ्यात कमकुवत, पण वगळू नका, कारण तिसऱ्याची सगळी मांडणी इथे होते. 'रिव्हेंज ऑफ द सिथ' लहान मुलांसोबत बघायचा असेल तर आधी एकट्याने बघा. अमेरिकेत मालिकेतल्या याच चित्रपटाला सर्वप्रथम पीजी-१३ हे कडक प्रमाणपत्र मिळालं, आणि त्याच्या उत्तरार्धातली हिंसा त्याआधीच्या पाचांपेक्षा वेगळ्याच जातीची आहे.

९. रोग वन, आणि पाठोपाठ थोडी उजळणी

पहिल्या चित्रपटात ज्या आराखड्यांसाठी धावपळ चालते, ते चोरले कसे गेले याची ही गोष्ट. घटनाक्रमाने ती १९७७ च्या चित्रपटाच्या लगेच आधी येते, म्हणून अनेक याद्यांत ती पहिली सुचवतात. ते ऐकू नका. तिचा शेवट तुम्हाला व्हेडर आधीपासून ठाऊक आहे यावरच उभा आहे. 'रोग वन' संपला की तिथल्या तिथे 'अ न्यू होप'ची पहिली दहा मिनिटं पुन्हा लावा. ती आता निराळी दिसतील. साम्राज्याचा अधिकारी टार्किन याचा चेहरा थोडा विचित्र वाटला तर कारण असं की १९७७ मध्ये ही भूमिका करणारे पीटर कुशिंग १९९४ मध्ये गेले. तो चेहरा संगणकाने उभा केलाय.

१०. ७, ८, ९

कथा 'रिटर्न ऑफ द जेडाय'नंतर साधारण ३० वर्षांनी सुरू होते. 'द फोर्स अवेकन्स'ची बांधणी १९७७ च्या चित्रपटाशी मुद्दाम मिळतीजुळती आहे. ६ नंतर लगेच बघितला तर तेच पुन्हा बघतोय असं वाटतं. मधे १, २, ३ येऊन गेल्यामुळे हा त्रास उरत नाही. ७ आणि ८ जवळजवळ बघा, कारण आठवा सातव्याच्या शेवटाला चिकटूनच सुरू होतो. ७ व ९ जे. जे. एब्रम्स यांचे, ८ रायन जॉन्सन यांचा. दोघांच्या दिशा वेगळ्या आहेत आणि त्याचा ताण नवव्यात स्पष्ट जाणवतो.

११. मालिकांकडे वळताना

पहिली मालिका म्हणून 'अँडोर' घ्या. २०२२ आणि २०२५ चे दोन सीझन, १२-१२ भाग. दुसऱ्या सीझनमध्ये दर तीन भागांनी कथा एक वर्ष पुढे जाते, म्हणून तीन-तीनच्या गटांतच बघा. ती थेट 'रोग वन'च्या दाराशी येऊन थांबते.

'द मँडलोरियन' हलकीफुलकी आहे, पण तिच्यात एक खड्डा आहे. दुसऱ्या सीझनमधून सरळ तिसऱ्यात उडी मारली तर मधलं मोठं वळण हुकतं, कारण ते 'द बुक ऑफ बोबा फेट' या भलत्याच मालिकेच्या ५, ६ आणि ७ या भागांत आहे. मालिकांमध्ये नामावलीनंतर कधीकधी दृश्य असतं. 'द मँडलोरियन'चा दुसरा सीझन आणि 'अँडोर'चा पहिला संपताना थांबा.

'द क्लोन वॉर्स' नावाने दोन वेगळ्या गोष्टी सापडतात: २००३ ते २००५ मधले छोटे अॅनिमेटेड भाग, आणि २००८ च्या चित्रपटापासून सुरू झालेली सात सीझनची मालिका. तुम्हाला हवी ती दुसरी. तिचे सुरुवातीचे भाग घटनाक्रमाने दाखवले गेले नव्हते: दुसऱ्या सीझनचा १६ वा भाग, मग पहिल्याचा १६ वा, मग चित्रपट, अशी खरी सुरुवात आहे. पूर्ण क्रम अधिकृत संकेतस्थळावर आहे. 'असोका' ही मालिका बघायची असेल तर त्याआधी 'रेबेल्स' या अॅनिमेटेड मालिकेचे चार सीझन हवेतच; नाहीतर निम्मी पात्रं अनोळखी राहतील.

जुन्या कादंबऱ्या आणि कॉमिक्स हाती लागल्या तर वेष्टनावर 'लेजंड्स' हा शिक्का आहे का बघा. एप्रिल २०१४ मध्ये हे चित्रपट बनवणाऱ्या ल्यूकसफिल्म कंपनीने आधीचं बरंचसं साहित्य मुख्य कथेबाहेर काढलं, त्यामुळे त्यातल्या घटना ७ ते ९ शी जुळत नाहीत.

दुसऱ्यांदा बघायला घ्याल तेव्हा ४, ५, १, २, ३, ६ हा क्रम करून बघा. पाचव्याच्या शेवटी पडलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधत कथा मागे जाते आणि सहाव्यात परत येते. 'माशेटी ऑर्डर' नावाने याच क्रमातून एपिसोड १ गाळलेली यादीही सापडेल, पण ती आधी सगळं बघून झालेल्यांनाच पेलते.